हप्ता आमचा, टॅली त्यांची



गावाकडच्या छोट्या कर्जांवर देखरेख कशी ठेवावी, ह्या विषयावर पुण्यामुंबईत परिसंवाद भरतात. थंड हॉल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर आलेख. आलेखाशेजारी एका बाईचा फोटो. डोईवर पदर, हातात शेळीचं दावं, तोंडावर हसू. विद्वान बोलतात : परतफेड अमुक टक्के, थकबाकी तमुक टक्के, देखरेखीची यंत्रणा समाधानकारक. टाळ्या. जेवण. त्या फोटोतल्या बाईला कुणी विचारत नाही की बाई गं, तुझ्यावर एकूण किती जणांची नजर आहे?

मी विचारलं. माझी आय सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात असते. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो. फोनवर विचारलं तर आय बोटं मोजायला लागली. गटाची अध्यक्ष. सचिव. गटातल्या बाकीच्या सातजणी. कंपनीचा मोटारसायकलवरचा वसुलीवाला. त्याच्यावरचा म्यानेजर. सिबिलचा कंप्युटर. वाण्याचं दुकान, कारण हप्ता थकल्याची बातमी पयली त्याला कळती आणि उधारी बंद होती. बोटं कवाच संपली. मग म्हणाली, "आणि तुझा बाप. पैसं आलं की त्यो बी बघतोच."

"आणि तू कुणावर नजर ठेवतीस?"

"म्या कुणावर ठिवू बाबा? म्या हप्ता ठिवते."

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढं जे लिहितो ते ह्या एका वाक्याचं फोड करून सांगणं.

*

गोदीत एक रीत आहे. विद्वानांनी ती एकदा येऊन बघावी. जहाजातून सुटा माल उतरतो तेव्हा मोजणारा एकटा नसतो. जहाजाच्या बाजूचा एक टॅली क्लार्क, धक्क्याच्या बाजूचा दुसरा. दोघांच्या हातात दोन कागद. दर स्लिंगला दोघेही रेघ मारतात. पाळी संपली की दोन्ही कागद समोरासमोर. आकडे जुळले तर सह्या. नाही जुळले तर भांडण, आणि भांडणसुद्धा लेखी. जहाजवाला मोठा माणूस आहे, त्याच्याच कागदावर सही ठोक, असं तिथं कुणी म्हणत नाही.

म्हणजे पैसेवाला पैसेवाल्यावर भरवसा ठेवत नाही. दोन टॅली ठेवतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही, कुणाची अब्रू जात नाही. धंदा आहे, मोजणी दोन्ही बाजूंनी.

गावातल्या छोट्या कर्जात टॅली एकाच बाजूची. कर्ज देणाऱ्याची. त्याचा कागद, त्याची भाषा, त्याचा अ‍ॅप, त्याचा शिक्का. घेणारीच्या बाजूला फक्त अंगठा, नाहीतर शाळेत शिकलेली वाकडीतिकडी सही. आणि ह्या एकतर्फी मोजणीला हे लोक 'देखरेख' म्हणतात. माझ्या मते त्याला पाळत म्हणतात. चोरावर ठेवतात तशी.

आधी एक घोटाळा निस्तरू. गावात दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे : गट. पहिला बचत गट. दहा-पंधरा बाया महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात, त्यातून एकमेकींना कर्ज देतात, पुढं बँक त्या गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांवर हा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात माविमने गट बांधले, पुढं २०११ नंतर राष्ट्रीय अभियान आलं, आपल्याकडं त्याला 'उमेद' म्हणतात. इथं पैसा आधी बायांचा स्वतःचा. दहा बाया, महिन्याला शंभर, वर्षाला बारा हजार. ते बायांनी पोटाला चिमटा काढून टाकलेले.

दुसरा गट कंपनीचा. मायक्रोफायनान्सवाल्यांचा. इथं बचत नाही. इथं फक्त कर्ज. पाच-दहा बाया गोळा करायच्या, एकीनं बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. ही कल्पना बांगलादेशच्या ग्रामीण बँकेची. मुहंमद युनूस ह्यांनी १९७६ साली जोबरा गावात सुरुवात केली, २००६ साली नोबेल मिळालं. आपल्याकडं ती आली आणि शेअर बाजारात जाऊन बसली.

पहिल्या गटात बाई मालकीण आहे, निदान कागदावर. दुसऱ्यात ती गिऱ्हाईक. पण गावात दोघींनाही 'गटाचं पैसं' म्हणतात, आणि कंपनीवाले हा घोटाळा मिटवत नाहीत. त्यांना तो पाहिजेच आहे. बचत गटाची इज्जत, कंपनीचं व्याज.

*

आता पाळत कशावर असते ते बघा.

हप्ता आला का? ह्याच्यावर. मंगळवारी आला का, बुधवारी का आला? ह्याच्यावर. कर्ज शिलाई मशीनला घेतलं, तर मशीन कुठाय, फोटो काढ. शेळीला घेतलं, तर शेळी उभी कर. आमच्या वस्तीत एका शेळीचे तीन बायांबरोबर फोटो आहेत. शेळी हुशार झाली होती. मोबाईल दिसला की मान वर करायची.

हसू नका. त्या तिघींनी पैसे खाल्ले नाहीत. एकीनं पोराची नर्सिंगची फी भरली. एकीच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. एकीनं आधीच्या कंपनीचा हप्ता ह्या कंपनीच्या कर्जातून भरला. फी, दवाखाना आणि जुनं देणं, ह्या तिन्हीला कर्जाच्या फॉर्मात चौकट नसते. चौकट असते 'व्यवसाय'. मग बाई खोटं बोलते, वसुलीवाला खोटं लिहून घेतो, म्यानेजर खोट्यावर सही करतो, आणि परिसंवादात पडद्यावर आलेख उभा राहतो : विनियोग शंभर टक्के. शेळीच्या जिवावर.

पाळत कशावर नसते? व्याज किती सांगितलं आणि किती घेतलं, ह्याच्यावर नाही. विमा म्हणून कापलेले पैसे कुठल्या विम्याचे, ह्याच्यावर नाही. माझ्या आयला चाळीस हजार मंजूर झाले, हातात अडतीस हजार आणि वर चिल्लर. मधले कुठं गेले? "कापतात." कोण कापतो, कशाबद्दल, पावती कुठं? "कापतात." व्याकरणात ह्या वाक्याला कर्ता नाही. गरिबाच्या आयुष्यात अशी बिनकर्त्याची वाक्यं फार. कापतात. नेतात. बंद करतात. पाडतात.

आणि व्याज. मी मॅट्रिक झालेला माणूस, कविता लिहितो, आकड्यांशी माझं फार जमत नाही. पण एक हिशेब मांडतो, तो प्रत्येकानं पाठ करावा. समजा वसुलीवाला म्हणाला, बारा टक्के फ्लॅट. बारा हजाराचं कर्ज, बारा महिने. व्याज १४४० रुपये. एकूण १३,४४०. महिन्याला ११२० चा हप्ता. ऐकायला गोड. बारा टक्के, बँकेसारखंच की.

आता नीट बघा. बारा हजार तुमच्याकडं वर्षभर राहिले का? पहिला महिना बारा हजार. पुढं दर महिन्याला मुद्दल हजारानं कमी होत गेलं. अकरा, दहा, नऊ, करत शेवटच्या महिन्यात एक हजार. बेरीज मारा : अठ्ठ्याहत्तर हजार. बारानं भागा : साडेसहा हजार. म्हणजे वर्षभरात सरासरी साडेसहा हजारच तुमच्याकडं होते. व्याज मात्र बारा हजारावर दिलं. साडेसहा हजारावर १४४० म्हणजे बावीस टक्के होतात. वरून विमा, वरून प्रोसेसिंग. बारा म्हणून बावीस घेतले, आणि बाई दोन दिवस उशिरा आली तर चोर बाई.

सरकारी योजनेतल्या महिला बचत गटांना तीन लाखापर्यंतचं बँक कर्ज सात टक्क्यांनी द्यायचं असं धोरण आहे. सात टक्क्याची बाई आणि बावीस टक्क्याची बाई एकाच वस्तीत राहतात. कधी कधी ती एकच बाई असते. पहिलं कर्ज पुरत नाही, वेळेवर येत नाही, बँकेचा साहेब चार खेटे घालायला लावतो. कंपनीवाला दारात येतो. बाई काय करणार?

*

ह्या पाळतीला जात आहे. परिसंवादात हे कधी निघत नाही, म्हणून इथं लिहितो.

विनातारण कर्ज म्हणतात. तारण नसलेलं. साफ खोटं. सातबारा असलेला माणूस जमीन तारण ठेवतो. आमच्याकडं सातबारा नाही. मग तारण काय? अब्रू. शेजारणीसमोरची अब्रू, दारात मोटारसायकल उभी राहिली की चार जण बघतात ती अब्रू. कंपनीने ह्या अब्रूचीच किंमत लावून कर्ज दिलेलं असतं. आणि आमची अब्रू एकट्याची नसते. मराठ्याच्या घरचा हप्ता थकला तर तो अमक्याचा हप्ता थकला. आमचा थकला तर 'त्यांच्यातलं असंच असतंय'. अख्खी वस्ती थकबाकीदार. वसुलीवाला गावात पाटलाच्या ओसरीला चहा पितो आणि आमच्या वस्तीत मोटारसायकलवरून उतरत नाही. कर्ज द्यायला जात आडवी येत नाही. चहा घ्यायला येते.

आपल्या बापजाद्यांना गावानं वेसकर केलं होतं. वेशीवर बसायचं, आला-गेला बघायचा, गावाच्या मालावर पहारा द्यायचा, आणि बदल्यात भाकरीचं टोपलं. वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. पण वेसकरी गेली का? आज वस्तीतल्या बाईला बाईच्या दारात पहाऱ्याला बसवलंय. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या तिच्या उंबऱ्यात. ज्या बाया पाण्याच्या टाकीसाठी एकत्र तहसीलवर गेल्या होत्या त्या आज एकमेकींचं तोंड बघत नाहीत. मांगवाड्यातली आणि बौद्धवाड्यातली एका गटात होती, दोन हप्ते चुकले, आता पोरांची बोलाचाली बंद. कंपनीचं नुकसान शून्य. चळवळीचं नुकसान कोण मोजणार? त्याचा आलेख कुठल्या पडद्यावर आहे?

आणि पहारा फुकट. वेसकराला भाकरी तरी होती.

*

कुणी म्हणेल, हे कंपन्यांचं पाप, सरकारचं नव्हे. आमच्या घराण्याला सरकारी देखरेखीचाही अनुभव आहे.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. १९७८-७९ साली सुरू, १९८० च्या २ ऑक्टोबरपासून देशातल्या सगळ्या गटविकास क्षेत्रांत. अनुसूचित जातीच्या कुटुंबाला निम्मी सबसिडी, निम्मं बँकेचं कर्ज. माझ्या आज्याला त्यात म्हैस मिळाली. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकला. बिल्ल्यावर नंबर. म्हैस कुणी निवडली? आज्यानं नाही. व्यापारी, डॉक्टर आणि साहेब ह्यांनी बाजारात आधीच ठरवली होती. दूध किती? पहिल्या महिन्यात कळलं की म्हैस भाकड. दीड वर्षात मेली. विम्याचा नियम असा की बिल्ला आणा, बिल्ला नाही तर पैसे नाहीत. बिल्ला चरताना कुठं काटवणात पडला होता. विमा नाही. मग बँकेची नोटीस आली, व्याजासकट. आजा मरेपर्यंत म्हणायचा, "म्हशीच्या कानावर सरकारची नजर व्हती, व्यापाऱ्याच्या हातावर न्हवती."

तो कार्यक्रम १९९९ साली गुंडाळून दुसऱ्या योजनेत घातला. अहवाल निघाले : लाभार्थ्यांनी म्हशी विकल्या, लाभार्थी बेजबाबदार. व्यापाऱ्यावर एक ओळ नाही.

ह्याच्या उलटी गोष्ट ऐका, आणि तीही साताऱ्याचीच. १८७५ साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. पैसे लुटणं हा मुख्य हेतू नव्हता. कर्जरोखे हुडकले आणि जाळले. बंड पुणे-नगर भागात पसरलं. इंग्रज घाबरला. कमिशन नेमलं आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. कायद्यात काय होतं? सावकारानं पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यायची. मागितला तर वर्षाचा हिशेब द्यायचा. पासबुक द्यायचं. रोखा गावच्या निबंधकासमोर व्हायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद.

बघा जरा. १८७९ साली गोऱ्या सरकारला कळलं की नजर सावकाराच्या वहीवर पाहिजे. शेतकऱ्यानं ते विनंती अर्ज करून कळवलं नव्हतं. रोखे जाळून कळवलं होतं. पुढं ह्याच मातीत १९४२ नंतर नाना पाटलांच्या पत्री सरकारनं सावकारांचे निवाडे गावात केले. म्हणजे वरच्या वहीवर नजर ठेवायची परंपरा सातारा-सांगलीला आहे. ती बाहेरून शिकायची गरज नाही.

पण एक मेख आहे. कायदा झाला तरी वाचणारा कोण? पासबुकाचा हक्क मिळाला, पासबुक वाचायला अक्षर नव्हतं. सावकारानं पळवाटा काढल्या. हक्क कागदावर राहिला. तिथं आपण येतो, आणि त्याच्याकडं मी येणारच आहे.

*

आता तिकडून येणाऱ्या तीन हरकती आधीच निकालात काढू.

पहिली : देखरेख नसली तर पैसा बुडेल. बुडेल ना. कोण म्हणतं देखरेख नको? गटातला पैसा आमच्या आयांचा आहे, तो बुडाला तर पहिल्या आम्ही बोंबलू. प्रश्न नजर कुठं लावायची हा आहे. कराड साताऱ्यातलंच. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराडने मागे रोखे नसताना बँक रिसीट काढल्या. त्या पोकळ पावत्यांवर हर्षद मेहताने मोठ्या बँकांचा पैसा शेअर बाजारात फिरवला. शेवटी बँक अवसायनात गेली. तेव्हा ह्या देशात माझ्या आज्याकडं म्हशीचा बिल्ला मागत होते! डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. भांडवल उरलं नव्हतं. सहकाराच्या ह्या पुण्यभूमीत बँका कुणामुळं गेल्या? शेळीवाल्या बायांमुळं? एवढं मोठं भोक पडेपर्यंत कुणाचे डोळे मिटलेले होते? मंगळवारचा हप्ता बुधवारी आलेला ज्यांना दिसतो, त्यांना हे दिसत नाही. कारण नजर खाली वळवलेली आहे.

दुसरी : सावकारापेक्षा तर बरं. असेल. खाजगी सावकारीविरुद्ध २०१४ साली महाराष्ट्रात नवा कायदा झाला, तरी महिन्याला शेकडा पाच-दहाचे सावकार कुठल्या गावात नाहीत? पण सावकाराच्या तुलनेत बरं, हे काय माप झालं? उद्या म्हणाल वेठबिगारीपेक्षा कंत्राट बरं. आम्ही तुलना सावकाराशी करणार नाही, साखर सम्राटाशी करणार. त्याच्या कारखान्याला जे व्याज, जी मुदत, जी हमी, जी पुनर्रचना, त्याच्याशी. २०१७ आणि २०१९ साली राज्यानं शेतीकर्ज माफ केलं. शेतकऱ्याला मिळालं, चांगलं झालं, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. पण जिला सातबारा नाही, जी दुसऱ्याच्या रानात खुरपते, तिच्या कंपनीच्या कर्जाला माफीच्या यादीत जागा नव्हती. तिच्या नावाला फक्त सिबिलच्या यादीत जागा आहे.

तिसरी, आणि सगळ्यात हलकट : बायकांना हिशेब कळत नाही. ह्याचं उत्तर माणदेशीच्या बायांनी दिलेलं आहे. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तक बाया निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बाया रडल्या नाहीत, अक्षर शिकायला बसल्या. काही महिन्यांनी परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, लिहिता येत नसलं तरी व्याज मोजता येतं. आम्हाला मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतनाताई ही गोष्ट जाहीर सांगतात. दुष्काळी माणच्या अंगठेबहाद्दर बायांनी रिझर्व्ह बँकेची तोंडी परीक्षा घेतली! मला त्या बँकेची जाहिरात करायची नाही, तिलाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत. पण बायकांना हिशेब कळत नाही हे वाक्य सातारा जिल्ह्यात १९९७ नंतर उच्चारायला मनाई असावी.

*

नियम नाहीत असं नाही. २०१० साली आंध्रात कंपन्यांच्या वसुलीनं माणसं मेली, आत्महत्या झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं वटहुकूम काढला. मग मालेगाम समिती बसली, २०११ साली व्याजावर मर्यादा आली. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं नवे नियम काढले आणि ती मर्यादा उठवली. दर कंपनीच्या संचालक मंडळानं ठरवायचा, फक्त तो अवाच्या सवा नसावा. अवाच्या सवा म्हणजे किती? ते मंडळाला विचारा!

पण त्याच नियमांत आपल्या कामाच्या गोष्टी आहेत, आणि वसुलीवाला त्या कधी सांगणार नाही. वर्षाला तीन लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराचं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. त्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे बघायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. व्याज, फी, विमा सगळं मांडलेला साध्या नमुन्यातला तक्ता द्यायचा. बाईला कळेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड द्यायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागी. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा नाही. शिव्या, धमक्या, नातेवाइकांना त्रास, सगळं मना.

हे वाचून माझ्या आयच्या वस्तीत किती बायांना माहीत आहे ते विचारलं. एकीलाही नाही. १८७९ चं पासबुक आणि २०२२ चं कार्ड, मध्ये एकशे त्रेचाळीस वर्षं, आणि रोग तोच. हक्क छापलेला, वाचणारा गायब.

वाचणारा कुठाय? वाचणारा मुंबईत आहे. पुण्यात आहे. तो हे पान वाचतोय.

*

आता तुमच्यावर येतो.

तुमच्यातल्या किती जणांची आय, चुलती, बहीण माण-खटावात, जत-आटपाडीत, कवठेमहांकाळात गटात आहे? हप्ता कुणाच्या पगारातून जातो? महिन्याच्या सात तारखेला फोनवरून पैसे कोण पाठवतो? म्हणजे कर्ज तिच्या नावावर आणि फेड तुमच्या पाठीवर. मी गोणी उचलतो, तुम्ही कुरिअर उचलता, कुणी मॉलमध्ये उभा राहतो. आपल्या घामाची टॅली कुणीतरी परस्पर लिहितोय, आणि आपण 'पे' दाबून मोकळे. डीपीला बाबासाहेब, आणि आयच्या कर्जाचा व्याजदर माहीत नाही!

त्या बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आपण तो दिवस साजरा करतो, हार घालतो. त्या शाळेतल्या पोरानं पुढं काय केलं? १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. म्हणजे महाराच्या पोरानं साम्राज्याची खातेवही उघडली आणि ओळ न् ओळ तपासली. खालून वर नजर लावणं म्हणजे हे. त्यांच्या नावानं फक्त डीजे लावणाऱ्यांनी हे पाठ करावं.

आणि आपल्या घरातली घाण लपवू नका. बचत गटाची वही कोण लिहितो? वस्तीतला शिकलेला पोरगा, आपलाच. काही ठिकाणी तो वही लिहायचे पैसे घेतो आणि वही घरी ठेवतो. बायांनी मागितली तर म्हणतो, तुम्हाला काय कळतंय. अध्यक्ष बाईचा नवरा पुढारी असेल तर पहिलं कर्ज त्याच घरात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कुठल्या गावात भिंतीवर लागतो? आपण आपल्या मंडळाची टॅली देत नसू तर कंपनीची मागायला तोंड कुठलं?

तर काम असं. मोर्चाच्या आधीचं काम.

चौदा एप्रिलला, नाहीतर जत्रेला गावी जाल. पहिल्या दिवशी आयचं कार्ड मागून बघा. कार्ड नसेल तर कंपनीकडं लेखी मागा. तक्ता मागा. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घ्या, दहा-वीस रुपयांची. ही दुसरी टॅली. तारीख, मुद्दल, व्याज, विमा, बाकी. दर हप्त्याला वसुलीवाल्याची त्या वहीत सही. सही करत नाही म्हणाला तर त्या दिवशी पैसे नाहीत. एकट्या बाईनं हे करू नये, तिला एकटीला गाठतील. अख्ख्या गटानं एका दिवशी करायचं. पोरगा चांगला असेल तर करील, तोही कुणाचा तरी पगारी नोकर आहे, त्याच्याही डोक्यावर वसुलीचा आकडा आहे. त्याला मारायचं नाही. त्याच्यावरच्या म्यानेजरची वही मागायची. फ्लॅट व्याजाचा वरचा हिशेब समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. महिन्यातून एकदा सगळ्या वह्या मोठ्यानं वाचा, बचत गटाचीसुद्धा, आणि सगळ्यात आधी जयंतीच्या वर्गणीची. सरकारी गटांच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र हिशेबाच्या नीट नोंदींचं आहे. आम्ही तेच पाचवं सूत्र मागतोय, फक्त दोन्ही बाजूंनी. दोन टॅली जुळल्या नाहीत तर भांडण, आणि भांडण लेखी. आधी कंपनीकडं, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. वस्तीतल्या दहावीच्या पोरीला हे सगळं शिकवून या. पोरालाच कशाला, पोरीला. ती कायम तिथं असणार आहे, तुम्ही परत गाडी पकडणार आहात.

ह्यानं क्रांती होईल का? नाही होणार. जमीन मिळणार नाही, टेंभूचं पाणी भूमिहीनाच्या दारात येणार नाही, मला कंत्राटातून कायम करणार नाहीत. ती लढाई वेगळी आणि मोठी आहे. पण ज्या माणसाला स्वतःच्या कर्जाची बाकी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते तो मोठ्या लढाईला उभा राहत नाही. त्याची मान आधीच खाली असते. मान वर करायला भाषण लागतं असं आपण समजतो. कधी कधी शंभर पानी वही पुरते.

विद्वानांना शेवटचं एक सांगणं. छोट्या कर्जावरच्या देखरेखीचा अभ्यास जरूर करा. पण ज्या दिवशी वसुलीवाला बाईच्या वहीत पहिली सही करील, त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. त्याच्या आधीचं जे काही तुमच्या आलेखात आहे ते पाळत आहे, आणि पाळत ठेवणाऱ्यांची नावं आम्ही आता लिहून ठेवणार आहोत.